तेल मागायची लाज

नोवी साद,
८ सप्टेंबर

प्रिय आई,

प्रेमाचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? डॉक्टरांच्या गोळ्या घेता, की कोबीचं पान बांधून मोकळ्या होता?

इथे सगळं ठीक. शाळा सुरू झाली. काल वर्गात ध्रुवीय आणि अध्रुवीय रेणू शिकवले. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन, म्हणून ते एकमेकांना धरून बसतात. तेलाच्या रेणूला अशा बाजूच नाहीत. एक पोरगी म्हणाली, "म्हणजे पाण्याला तेल आवडत नाही का, बाई?" म्हटलं, "तसं नाही गं. पाणी आपसातच इतकं रमलेलं असतं, की तेलाला आत जागा मिळत नाही."

बोलता बोलता तुमचं अंगण आठवलं. माझा पहिला आयवार, हिवाळ्यासाठी मिरच्यांची चटणी घालायची माझी पहिलीच वेळ. भाजलेल्या लाल मिरच्या सोलताना तुमच्या जावा, शेजारणी आपसातच बोलत होत्या आणि मी एका कडेला. तिखट मिरच्यांचा ढीग नेमका माझ्या वाट्याला आला. हातांची नुसती आग झाली. मी नळाखाली हात धरून उभी राहिले. मिरचीतला जाळ अध्रुवीय, तो पाण्याला भीक घालणार नाही, तेलातच उतरेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. सासरी तेल मागायचं कसं?

तुम्ही आलात. "बोटं काय भिजत घातलीस, घेवडा आहे का तो?" म्हणत ओंजळीत तेल ओतलंत, एकेक बोट चोळलंत, साबणाने धुतलंत आणि सगळ्यांच्या मधे, स्वतःशेजारी नेऊन बसवलंत. मी त्या घरची झाले ती त्या दिवशी. आई, तुमचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आज दाखवते.

झार्कोने तुम्हाला सांगितलं नसावं. जूनमध्ये कोर्टाचा निकाल लागला, आमचा घटस्फोट झाला. श्टुटगार्टला त्याने दुसरा संसार मांडलाय. त्याचा राग येऊन गेला. पण यंदा मिरच्या सोलायला येऊ का, हे तुम्हाला विचारताना जीभ रेटत नाही.

अजून म्हणू दिलंत तर तुमचीच,
दुन्या


लेस्कोवात्स,
१३ सप्टेंबर

दुन्या,

झार्कोने जुलैतच सांगितलं. फोनवर त्याला असा सोललाय, की मिरची बरी. तू कधी तोंड उघडतेस, याची वाट बघत होते.

तुझं ते रेणूबिणू मला कळत नाही. कोर्टाने तुझा नवरा काढून घेतला, एवढं कळलं. सासू काढून घ्यायची तर मलाही बोलवायला हवं होतं, आणि मी काही गेले नसते.

शनिवारी चूल पेटेल. तू शुक्रवारीच ये, आणि पुन्हा असं विचारत जाऊ नकोस.

तुझी सासू,
पेर्सिदा