तळाचा थर

बुधवार, दुपार

चि. गुंड्या,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे, म्हणजे चाललंय. यांचा खोकला जाता जात नाही. शेडमागून शेड हिंडून माझे गुडघे बोलायला लागलेत. वहिनीने विणलेला स्वेटर बाहीत घट्ट होतो, पण घालते.

काल आमचं तपासणी पथक तुझ्या पॅकिंग शेडमध्ये आलं, तेव्हा तू मला "या मॅडम" म्हणालास. खुर्ची पुसून दिलीस. एवढा मान तू मला जन्मात दिला नव्हतास.

माझ्याबरोबरचे साहेब नवे. पेट्यांवर 'पहिला दर्जा' छापलेलं, वरची सफरचंदंही तशीच, म्हणून ते निघालेच होते. मग मी म्हणाले, "पेटी उलटी करा."

तुझ्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही.

लहानपणी बाबांना पेट्या भरू लागायचो, तेव्हा हात लहान म्हणून तळ तुझ्याकडे असायचा. बारकी, डागाळलेली फळं तू रचायचास, वर कागद, आणि त्यावर लालबुंद फळं लावायची मी. शाबासकी दोघांना मिळायची. इतर शेडमध्येही मी पेटी उलटी करतेच, पण तुझ्याकडे हात आधीच तळाकडे गेला, रे. ते मला सलतंय.

ऐन हंगामात माल अडकला, शेडला सील लागलं. परवाना राहतो की जातो, ते सुनावणीत ठरेल. वैताग आलाय या नोकरीचा. पण ती पेटी कुणीतरी पहिल्या दर्जाची समजून घरी नेली असती, हेही खरंच ना.

सील लावताना तू विचारलंस, "मॅडम, सही कुठे करू?" साहेबांसमोर नुसतं 'ताई' म्हणाला असतास, तरी नातं लपवून तपासणीला आले म्हणून माझी नोकरी गोत्यात आली असती. तू म्हणाला नाहीस. रागाने, की मला सांभाळायला, तेच कळत नाही.

आज सकाळी मीच साहेबांना सांगून टाकलं, तो माझा सख्खा भाऊ आहे. तुझं प्रकरण आता दुसऱ्याकडे जाईल. माझं व्हायचं ते होईल. सुनावणीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसेन, खात्याची माणूस म्हणून नाही.

तिथे मला मॅडम म्हणू नकोस. शिव्या द्यायच्या तर दे, पण ताई म्हणून दे.

म्हणशील तर तुझी,
ताई