सीताबाईच्या सालची बाटली

मोहर्ली
बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

चि. प्रफुल,

जय भीम. रश्मीला आणि आयुषला आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. पळसाला फुलं लागली, पण सकाळची थंडी काही उतरत नाही. सफारीच्या जिप्सीत पाहुण्यांना अजून घोंगड्या द्याव्या लागतात. माझी शुगर ताब्यात आहे. तू दिलेला निळा स्वेटर अंगात असतो. मागच्या आठवड्यात वाघीण तिच्या तीन पिल्लांना घेऊन माझ्या गाडीसमोरून रस्ता ओलांडून गेली. आयुषला सांग, आजोबानं इंजिन बंद केलं होतं आणि श्वासही.

फोन तू उचलत नाहीस, उचललास तर मला बोलू देत नाहीस. म्हणून कागद घेतला. कागदाला मधेच तोडता येत नाही.

गोपालकाकानं मूल गावावरून तुला फोन केला, हे मला कळलं. देवरावनं मुंबईहून इंग्रजी दारू मागवली आणि तीही त्या बाईसाठी, असं त्यानं सांगितलं. त्यावर तुझा मेसेज आला, ‘म्हातारपणी बाई आणि बाटली, दोन्ही एकदमच?’ वाचून आधी मला हसू आलं. मग नाही आलं.

गोपालनं सांगितलं ते खरं आहे. बाटली मी मागवली आणि सीताबाईसाठी मागवली. लपवण्यासारखं त्यात काही नाही. कशी मागवली, काऊन मागवली, ते आता माझ्या तोंडून ऐक.

सीताबाईला तू एकदाच पाहिलंस, ती पोळ्या लाटत होती तेव्हा. मी ज्या रिसॉर्टच्या गाड्या चालवतो, तिथली स्वयंपाकीण, एवढंच तुला माहीत आहे. ती गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडची, गोंडाची मुलगी. तिचा नवरा लच्छू दारू पिऊन पिऊन मेला. तो जिवंत असताना गावातल्या बाया मोहाच्या दारूचे मडके फोडायला निघाल्या, तेव्हा ही सगळ्यांच्या पुढे होती. पहिलं मडकं तिनं स्वतःच्याच घरातलं फोडलं. त्यासाठी मारही खाल्ला. नवरा गेल्यावर पोटासाठी वैनगंगा ओलांडून इकडे आली. दारू या वस्तूबद्दल तिला कोणी काही शिकवावं, अशी तिची स्थिती नाही. तू किंवा गोपालनं तर नाहीच.

नोव्हेंबरमध्ये पुण्याचं एक वयस्कर जोडपं आलं होतं. बाईंचा वाढदिवस होता. नवऱ्यानं पेटीतून एक बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. बाई रडायला लागल्या. सीताबाई वाढत होती, तिला वाटलं भांडण झालं. आमच्या मॅनेजर उमेराबाईनं तिला समजावलं, की ही वाईन त्या बाईंच्या जन्माच्या सालची आहे. त्या साली द्राक्षं तोडली, रस आंबवला, आणि तेव्हापासून कोणीतरी ती सांभाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी करून मी चहाला गेलो. सीताबाई कांदे चिरत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, “देवरावभाऊ, त्या बाईच्या जन्माच्या सालचा रस लोकायनं जपून ठेवला. माझ्या जन्माचं तर सालच कोणी जपलं नाई.”

एवढंच बोलली आणि फोडणी घालायला उठली. तिनं काही मागितलं नव्हतं. सहा वर्षांत तिनं माझ्याकडे कधीच काही मागितलं नाही, उलट माझी शुगर कळल्यापासून माझ्यासाठी ज्वारीची भाकर वेगळी टाकते. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. जंगलात गाडी चालवताना पाहुण्यांना गवे दाखवायचो आणि मनात तेच चालायचं.

मी उमेराबाईकडे गेलो. ती चंद्रपूरच्या मुश्ताक टेलरची मुलगी. स्वतः थेंबही घेत नाही, पण हॉटेलचं शिक्षण घेताना सगळं शिकली आहे. तिनं मला दोन गोष्टी विचारल्या. साल कोणतं, आणि बाई गोड खाते का. मी म्हटलं, गोड आवडतं. सालाचं मला माहीत नाही.

आधारकार्डावर सीताबाईची जन्मतारीख एक जानेवारी एकाहत्तर आहे. ती कॅम्पवाल्यानं तोंडाकडे पाहून टाकलेली. मला खरं साल पाहिजे होतं. आणखी एका कामासाठीही तिच्या वयाचे कागद लागणार होते. ते काम कोणतं, ते पुढे सांगतो.

मंगळवारी पार्क बंद असतो. एका मंगळवारी मी तिला घेऊन धानोऱ्याकडे गेलो. तिची मावशी इतवारी तिकडे आहे. दिसत कमी, पण आवाज खणखणीत. बाटलीचं मी सीताबाईला किंवा मावशीला काही बोललो नव्हतो, फक्त कागदांसाठी साल पाहिजे असं सांगितलं. इतवारीमावशी बराच वेळ हसली. म्हणाली, “साल मले नाई समजत बापा. पण हे पोरगी नसबंदीची गाडी आली तवाची हाय.”

मग तिनं सांगितलं. गाडी येऊन राह्यली म्हणताच गावातले सगळे माणसं जंगलात पळाले. सीताचा बापही पळाला. थंडीचे दिवस होते. पळणाऱ्यांनी घरात काही मागे ठेवलं नाही, घोंगड्याही घेऊन गेले. त्याच दिवशी तिच्या आईला कळा सुटल्या. सुईणीला आणायला पाठवावा असा एकही माणूस गावात नव्हता. चौदा-पंधरा वर्षांच्या इतवारीनंच तिला बाहेर घेतलं आणि आपल्या लुगड्यात गुंडाळलं. बाप परत आला तेव्हा पोरगी दूध प्यायला शिकली होती.

नसबंदीच्या गाड्या कधी फिरल्या, ते मला चांगलं आठवतं. मी तेव्हा शाळेत होतो, आमच्या मास्तरांनाही माणसं आणायला सांगितलं होतं. शहात्तर साल. म्हणजे सरकारनं सीताबाईला पाच वर्षं म्हातारी करून ठेवलं होतं. परत येताना वैनगंगेच्या पुलावर ती एकदम म्हणाली, “म्हणजे मी अजून पन्नाशीचीबी नाई?” आणि मोहर्ली येईपर्यंत अधूनमधून आपल्याशीच हसत होती. तिला तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

साल मिळालं, तरी बाटली मिळेना. उमेराबाईनं सांगितलं, काका, साधी वाईन एवढी वर्षं राहत नाही, ती आंबट पडते, तिचा सिरका होतो. टिकते ती पोर्तुगाल देशातली गोड, जड वाईन. तिच्यात स्पिरिट घालतात आणि वर्षानुवर्षं लाकडी पिंपात ठेवतात. तिच्या ओळखीचा एक माणूस मुंबईत बाहेरून वाईन आणणाऱ्यांकडे नोकरीला आहे. त्यानं कळवलं, एकाहत्तरची लगेच मिळेल. शहात्तरची शोधावी लागेल, मिळेल की नाही सांगता येत नाही. उमेराबाई म्हणाली, आधारवर एकाहत्तरच आहे, बाटलीवर तेच दिसेल, एकाहत्तरची घेऊ का?

मी नाही म्हटलं. सरकारनं अंदाजानं टाकलं, कॅम्पवाल्यानं अंदाजानं टाकलं. मीही अंदाजानंच टाकायचं, तर मग बाटली कशाला, एक साडी घेतली असती. मी थांबलो. जानेवारी संपता संपता शहात्तरची मिळाली.

बाटली हातात आली आणि मला भीती वाटली. हे तुला कबूल करतो. जिनं मडके फोडले, तिच्यापुढे दारूची बाटली ठेवायची. ती उठून गेली असती तर मी काय केलं असतं? दोन-तीन वेळा वाटलं, परत करावी. कपाटात ठेवून दिली. नदीपलीकडे मात्र नेली नाही. गडचिरोलीत बंदी आहे आणि ती बंदी सीताबाईसारख्या बायांनी आणलेली आहे. ती मी मोडणार नाही.

आता ते दुसरं काम.

काल मंगळवार होता. काल चंद्रपूरला विवाह नोंदणी कार्यालयात माझं आणि सीताचं लग्न झालं.

नोटीस महिनाभर तिथल्या बोर्डावर लागली होती. कोणी आक्षेप घेतला नाही. तुला मी कळवलं नाही, कारण तू आक्षेप घ्यायला आला असतास, आणि तिच्यासमोर तू काय बोलला असतास ते मला ऐकायचं नव्हतं. साक्षीदार म्हणून उमेराबाई, तिचे वडील मुश्ताकभाई आणि माझ्यासोबत गाडी चालवणारे गुणवंतराव होते. मुश्ताकभाईंनी सीतासाठी स्वतः ब्लाउज शिवून आणला होता. साहेबांनी वय विचारलं, तेव्हा सीतानं आधारवरचं सांगितलं आणि माझ्याकडे पाहून ओठ दाबले.

दुपारी माझ्या खोलीवर आलो. मी बाटली काढून तिच्यापुढे ठेवली आणि बाटलीवरचे आकडे बोटानं दाखवले. आकडे तिला वाचता येतात. तिनं वाचले. मग उठली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. उमेराबाई माझ्याकडे पाहायला लागली. मी खाली पाहिलं. मला वाटलं, पहिल्याच दिवशी मी तिला दुखवलं.

ती आत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. बाटली तिनं दोन्ही हातांत धरली आणि म्हणाली, “मी जन्मली तवा सारे पळाले. याच्यापाशी कोणीतरी थांबून राह्यलं. उघडा.”

बूच जुनं होतं, त्याचा भुगा झाला. उमेराबाईनं वाईन चहाच्या गाळणीतून गाळली. सीतानं वास घेतला, म्हणाली, अंगणात मोहफुलं वाळत घातल्यावर असाच वास येते. मग एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं नाही. एकच घोट, आणि पेला खाली ठेवला. लच्छूचं नाव घेऊन म्हणाली, त्याला सांगायला पाहिजे होतं की प्यायची अशी असते, एवढीशी, आणि मग ठेवून द्यायची असते.

तू विचारशील, पंचशीलाचं काय. मी घोट घेतला की नाही घेतला, ते मी तुला सांगणार नाही. त्याचं उत्तर मी मला देईन. तुला द्यायचं असतं तर घेण्याआधी विचारलं असतं.

दिवाळीत मी सीताचा विषय काढला, तेव्हा तू बोललेलं एक वाक्यही मी विसरलो नाही. ‘आपल्यातली तरी असती.’ तुझ्या हॉलमध्ये निळ्या कोटातला जो फोटो लावला आहेस, त्याच्यासमोर उभा राहून ते वाक्य एकदा मोठ्यानं म्हणून पाहा. जमलं तर मला फोन कर.

आणि आईच्या जागेचं म्हणतोस. मीराची जागा मीराचीच आहे. नऊ वर्षं मी त्या जागेकडे तोंड करून एकटा जेवलो. तू दर रविवारी फोन करायचास आणि जेवलात का विचारायचास. कोणासोबत जेवलात, हे कधी विचारलं नाहीस. रागानं लिहीत नाही. तुझी नोकरी आहे, संसार आहे. पण मग माझ्या ताटासमोर कोण बसलं आहे, याचा हिशेब तू मागू नकोस.

मी तुला परवानगी मागत नाही. माफीही मागत नाही. लग्न झालं, बाटली उघडली, आणि मी आनंदात आहे. एकसष्टाव्या वर्षी माणूस आनंदात आहे हे पोराला सांगायला कागद लागावा, याचं मात्र वाईट वाटतं.

मे महिन्यात आयुषला सुट्टी लागेल. यायचं असेल तर या. आयुषला मी पुढच्या सीटवर बसवीन. सीताला आई म्हणू नकोस, तिची ती अपेक्षा नाही. सीताबाई म्हण, पुरे आहे. पण ‘ती बाई’ म्हणणार असशील, तर मोहर्लीच्या फाट्यावरूनच गाडी वळव. मला आधी कळव, म्हणजे ती तुमच्या नावाचे तांदूळ धुवायला घेणार नाही.

रश्मीला हे पत्र वाचायला दे. लपवू नकोस.

सीताचा नवरा,
आणि तुझा बाप तर आहेच,

देवराव