वांगी रंगाचे दिवे

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण परवा तुझ्या पोटमाळ्यावरून उतरताना कंबर धरली, आणि खरं सांगायचं तर तेवढं मनही नाही. तू लेकीकडे सुखरूप पोचलीस हे कळलं. भाऊजींचा गुडघा कसा आहे? तिथे तरी ते जिना चढताना ऐकतात का कुणाचं? माझी प्रकृती विचारशील तर रक्त उकळतंय, बाकी ठीक. तुझ्या मागे तुझ्या झाडांना पाणी घालायचं काम मी नेमाने करतोय. पण पत्राचं कारण झाडं नव्हेत, पोटमाळा आहे. त्याच्याकडे मी येतोच. तोवर मनाची तयारी कर आणि भाऊजींच्या मागे लपू नकोस.

विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून कागदी लॅम्पशेड करणार, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात कुणीतरी गेल्यासारखी शांतता पसरली होती, आठवतंय? एकटी तू म्हणालीस, माझी रस्त्याकडची खोली घे, वर्षभर भाडं नको. वर्षात धंदा स्वतःच्या पायावर उभा राहिला तर खोली तुझी. नाही राहिला तर मुकाट्याने जाऊन साहेबांसमोर उभा राहा. वर्ष येत्या महिन्यात संपतंय. धंदा उभा आहे, असं मी परवापर्यंत छाती फुगवून सगळ्यांना सांगत होतो. उभा होताच गं, फक्त पाय तुझे निघाले.

सुरुवातीला दुकानात कोण यायचं? झेरॉक्स काढून मिळेल का विचारणारे. शेजारचा चांभार कधी उघडतो ते विचारणारे. एक गृहस्थ पावसाला आडोसा म्हणून आले आणि जाताना माझीच छत्री घेऊन गेले. आणि मग एक दिवस लंबू आला. (नाव त्याने सांगितलं नाही, आणि मान वर करून करून मलाही विचारायचं भान राहिलं नाही.) त्याने इकडेतिकडे न बघता सरळ कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, हाच द्या.

आता त्या कोपऱ्यात काय होतं ते ऐक. रंगाच्या घमेल्यात एकदा माझ्याकडून लाल आणि निळा एकत्र सांडला, आणि कागदाला जून वांग्यासारखा रंग चढला. कागद फुकट जाऊ नये म्हणून मी त्याचा एक दिवा करून टाकला. तो लावला की खोलीत उजेड पडण्याऐवजी कुणाला तरी मार लागल्यासारखं वाटायचं. महिनाभर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आणि हा बाबा म्हणतो, हाच द्या! घासाघीस नाही, काही नाही. मी म्हटलं, बाजाराने कौल दिला. आणखी दोन वांगी केले. ते पडून राहिले, तोच दातांच्या एक डॉक्टरीणबाई येऊन दोन्ही घेऊन गेल्या. मी आणखी चार केले, तेही असेच गेले.

तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. दिवा विकला म्हणून माझं काम संपत नाही. तो कुठे टांगलाय, बल्ब कोणता लावलाय, धूळ कोण पुसतंय, हे पाहिल्याशिवाय मला जेवण जात नाही. (भाऊजी म्हणतात ही विक्री नव्हे, सोयरीक आहे. म्हणू देत.) म्हणून पावतीवर पत्ता लिहून घेतो आणि सवडीने विचारपूस करायला जातो. लंबूने दार चार बोटं उघडून सांगितलं की दिवा धुवायला दिलाय. कागदाचा दिवा! धुवायला! मी उंबऱ्यातच उभा राहून त्याला कागद, खळ आणि पाणी यांचं हाडवैर समजावून सांगितलं, आणि तो बिचारा घाम पुसत मान डोलवत राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवे सासूबाईंच्या खोलीत आहेत आणि सासूबाई झोपल्यात. एवढ्यात सासूबाई भाजीची पिशवी घेऊन जिना चढून वर आल्या. तरीही मला संशय आला नाही! उलट मी घरी येऊन 'दिवा धुऊ नये' अशी चिठ्ठी छापून घेतली आणि प्रत्येक दिव्याला बांधायला लागलो.

याच सुमारास एक नवं जोडपं पिवळ्या दिव्यासाठी तीनदा येऊन गेलं. मी त्यांना काय सांगितलं असेल? म्हटलं, पिवळ्याचा जमाना गेला, वांगी घ्या. ती दोघं जी गेली ती गेलीच. मी भाव वाढवला. वाचनालयाच्या सभागृहात नव्या कारागिरांपुढे 'ग्राहकाची नाडी कशी ओळखावी' यावर भाषण ठोकलं. (टाळ्या पडल्या. नाडीचं उदाहरण म्हणून मी लंबूचंच दिलं.) आणि साहेबांनी निरोप धाडला की तुमची खुर्ची अजून रिकामी आहे, तेव्हा मी उलट कळवलं की मी आता त्या खुर्चीत मावत नाही. सगळं तुझ्यामुळे!

परवा झाडांना पाणी घालायला गेलो. झारी कुठे सापडेना म्हणून शिडी लावून पोटमाळ्यावर चढलो. झारी नव्हती. जुन्या चादरीखाली, एकात एक घातलेले, माझे सगळेच्या सगळे वांगी दिवे होते. पहिले तीन सोडले तर प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, धुऊ नये.

तिथून थेट लंबूचं घर गाठलं. या वेळी त्याने दार पूर्ण उघडलं. म्हणाला, मी ताईंच्याच कचेरीत असतो, आणि डॉक्टरीणबाई त्यांच्याच दातांच्या. त्यांनी आम्हाला सांगून ठेवलंय, जो पडून असेल तोच उचला, म्हणजे त्याला वाईट वाटणार नाही. आणि मग खाली मान घालून म्हणाला, मला खरं तर पिवळा आवडला होता हो.

ताई, काय केलंस हे! जो दिवा कुणालाच नको तोच तू उचलायचीस, आणि खपतोय म्हणून मी तोच पुन्हा करायचो. दोघं मिळून आपण तुझा पोटमाळा भरला! मला धंद्यात मार खाऊ द्यायचा होतास. पडून राहिलेला दिवा मला रोज काहीतरी सांगत होता, त्याचं तोंड तू दाबलंस. सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? सगळ्या घरात एकट्या तुझाच माझ्यावर विश्वास आहे असं मी धरून चाललो होतो. तुलाही वाटत होतं की मी पडणारच. म्हणून तू आधीच गादी घालून ठेवलीस. परवा रात्री फार रडू आलं, आता लाज कसली.

तेव्हा खोली सोडतो आहे. साहेबांना भेटायला जायचा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलाय. लेकीला आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार, तुला काय ते तूच ठरव.

तुझा,
(कधी नव्हे इतका संतापलेला) धाकटा

ता. क. : खिडकीतलं झाड मेलं. हुबेहूब तसंच दुसरं आणून कुंडीत लावलंय. तुला कळलंही नसतं, पण या घरात आता फसवाफसवी पुरे.

ता. क. २ : पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात दुकानात एक बाई आल्या. नाटकाचे पडदे आणि सामान करतात. त्यांना चेटकिणीच्या घरासाठी दिवे हवेत, जितके भयंकर तितके चांगले. मी त्यांची अशी उलटतपासणी घेतली (तुम्ही माझ्या बहिणीला ओळखता का, दात कुणाकडे दाखवता) की त्या चिडून निघाल्याच होत्या. त्या तुला ओळखत नाहीत, खात्री केली आहे. त्यांना सगळे वांगी हवेत, आणि माझ्याकडे एकही नाही. म्हणून तुझे मी पोटमाळ्यावरून काढून नेले आहेत. हिशेब तू आल्यावर बघू. शर्ट तूर्त खुंटीलाच आहे.

ता. क. ३ : ते दिवे नेताना तुझ्या जेवणाच्या टेबलावर माझा अगदी पहिला पिवळा दिवा टांगलेला दिसला. त्याची कड आतून तपकिरी झालीय. रोज लावल्याशिवाय कागद असा होत नाही, आणि तू तो लावतेस हे बघायला मी कधी तिथे नव्हतो. तो नेला नाही, धूळ तेवढी पुसली. खोली आणखी एक वर्ष ठेवशील का? भाडं देईन. आजपासून नुसते पिवळे करतोय. फक्त एक अट : यंदा कुणालाही पाठवायचं नाही. दिवा हवाच असेल तर स्वतः ये, सगळे खालीवर करून बघ, नाक मुरड, आणि चांगली घासाघीस कर.