आमच्या जर्मन साहेबांचं आडनाव

आबा, आडनाव विचारलं की अजूनही मला हायस्कुलातलं ते टेबल आठवतं. पलीकडे मास्तर, अलीकडे तुम्ही, आणि तुमचा सदरा धरून मी. "आडनाव?" मास्तरांनी विचारलं. तुम्ही क्षणभर आढ्याकडे पाहिलंत, एखाद्या वाशाचं माप घेतल्यासारखं, आणि आपल्या गावाच्या नावाला 'कर' जोडून सांगितलंत. तोवर आपलं आडनाव म्हणजे आपला धंदाच होता. घरी चालत येताना तुम्ही म्हणालात, "आता तुका कोण काय विचारूचो नाय." तुमचा चेहरा इतका मोकळा झालेला मी पुन्हा कधी पाहिला नाही.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्या आडनावासकट मी कतारला आलो. इंटिरियरच्या कंपनीत दारं, कपाटं, खोटी छतं कुठे कधी बसवायची ते ठरवतो. म्हणजे फिरून तेच काम, फक्त हाताला भुसा लागत नाही. तुमच्या मनासारखं झालं म्हणायचं. मांगरात, घरामागच्या तुमच्या कामाच्या खोपीत, एकदा मी फणसाच्या फळीवर तुमचा रंधा चालवत होतो, तर तुम्ही तो हातातून काढून घेतलात. "खाली ठेव. ह्यां तुझां काम न्हय." मग त्याच फळीची मला कंपासपेटी करून दिलीत, झाकणावर पटाशीने नवं आडनाव कोरून. आणि बजावलंत, कोणी विचारलं तर बाजारातून आणली म्हणून सांग. अशी पेटी कुठल्या बाजारात मिळते, आबा? राग येतो मला तुमचा, आजही येतो.

परवा अल खोरच्या साइटवर माल यायचा होता. वाट बघत मी आणि आमचे जर्मन साहेब एका उघड्या चौकटीत बसलो होतो. त्यांचं आडनाव झिमरमन. मी सहज अर्थ विचारला आणि साहेब खुलले. पूर्वी म्हणे त्यांच्याकडे माणसाला एकच नाव असायचं. शहरं वाढली, एकेका गल्लीत चार-चार योहान झाले, मग कारकुनांनी नावापुढे धंदा लिहायला सुरुवात केली. झिमर म्हणजे आता खोली, पण मुळात बांधकामाचं लाकूड. लाकडाची घरं उभारणारा तो झिमरमन. टेबलं-खुर्च्या करणाऱ्याचं आडनाव वेगळं, उत्तरेकडे झिमरमनचाच उच्चार टिमरमन. आधी मुलाने धंदा बदलला की आडनावही बदलायचं, पुढे ते वारसाने चिकटलं. साहेबांचे वडील दातांचे डॉक्टर, आजोबा शाळामास्तर. घरात करवत धरलेला माणूस कुणाला आठवत नाही. त्यांचे एक चुलतआजोबा अमेरिकेत गेले आणि तिथे कार्पेंटर झाले. भाषा बदलली, अर्थ तसाच ठेवला. साहेब हे सगळं चौकटीवर थाप मारत सांगत होते. मला हेवा वाटला. त्यांच्याकडे धंदा सुटला आणि नाव उरलं, तर नावाला कुणी नाक मुरडत नाही. आपण नाव टाकलं, तरी माणसं माग काढत येतातच.

परतताना गाडीला नवा ड्रायव्हर होता, आपल्याच जिल्ह्यातला. माझं आडनाव ऐकून हरखला. "त्या गावात माझी मावशी दिलेली आसा, साहेब. तुमी खंयच्या वाडयेतले?"

वाडी सांगितली की जात, धंदा, सगळंच सांगून होतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. "आमचो गाव लहानपणीच सुटलो," मी खोटंच म्हणालो.

"तरी घर आसतलांच मां?"

बाहेर धूळ उठलेली, पुढे गाड्यांची रांग, दारं बंद. उतरून जाणार कुठे? साहेबांनी मागून विचारलं, काय चाललंय. म्हटलं, माझ्या आडनावाचं चाललंय, ते एका गावाचं नाव आहे. "अच्छा. आणि तुझे वडील काय करायचे?" ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. एवढं इंग्रजी त्याला कळत होतं, आणि कार्पेंटर तर कुणालाही कळतं.

मी म्हणालो, "झिमरमन."

साहेबांनी मोठ्याने हसून माझा खांदा दाबला. म्हणाले, म्हणजे आपण भाऊबंदच!

"काय सांगलात, साहेब?" ड्रायव्हर.

"काय नाय. तेंचां आडनाव घेतलंय."

"मगे वाडी खंयची?"

"यल्ला, चल, पुढची गाडी हलली बघ," मी म्हणालो. तो हसला, पण विसरलेला नाही. उद्या सकाळी पुन्हा त्याच्याच गाडीने जायचंय.

आबा, तुम्ही मला मांगरातून बाहेर काढलंत खरं, पण जिथे नेऊन ठेवलंत त्या खोलीची कडी बाहेरून आहे. तुम्ही तरी काय करणार होतात? तुमचा धंदा मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत सांगितला, तोही परक्याच्या आडनावाआड लपून. उद्या ड्रायव्हरला सरळ सांगून टाकायचं म्हणून हे लिहायला बसलो होतो, जरा हात मोकळा व्हावा म्हणून. आता पहिल्यापासून वाचून पाहिलं. हे कुठे पाठवायचं नाही, कुणी वाचणार नाही, तरी आपल्या धंद्याचा तो मराठी शब्द मी ह्यात एकदाही लिहिलेला नाही.