अंमलदार आले तरी बसून

नीडर्फेल्ड, ३ मार्च १७८८

चि. सौ. गेशीस,
अनेक आशीर्वाद. उत्तराला सहा आठवडे उशीर झाला, रागावू नकोस. दोनच हिवाळे शाळेत गेलेल्या माणसाला पत्र म्हणजे डोंगर.

आमच्या गावात वाचनमंडळ निघालं आहे. डॉक्टर, पाद्रीबुवा, सुतार असे तेरा जण मिळून वर्तमानपत्रं मागवतो. मी पिंपं बनवणारा, तरी मला निवडून घेतलं. अंमलदारसाहेब माझ्यानंतर सभासद झाले. नियम असा, की पदवी दाराबाहेर ठेवायची. कुणीही आलं तरी कुणी उठून उभं राहायचं नाही. माझी पंचाईत तिथेच आहे. साहेब दिसले की माझे पाय आपोआप उभे राहतात. दोनदा झालं. चिटणीस म्हणाले, टोनिएसबाबा, तिसऱ्यांदा उठलात तर मंडळातून नाव कमी करावं लागेल, आम्हालाच वाईट वाटेल. सोळा तारखेला बैठक आहे. मला झोप नाही.

तुझा दादा,
टोनिएस

ब्रेमेन, ९ मार्च

ती. टोनिएसदादास,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून आम्ही नवराबायको पोट धरून हसलो. मग मला रडू आलं. आपले बाबा जन्मभर अंमलदारांच्या दारात टोपी हातात धरून उभे राहिले. त्यांचेच पाय तुला मिळाले. चाळीस वर्षं पिंपांच्या फळ्या वाकवल्यास, दोन गुडघे वाकवता येत नाहीत? मांडीवर काहीतरी जड घे. नाव गेलं तर इकडे फिरकू नकोस. माझा भाऊ मंडळात आहे हे मी बाजारभर सांगून बसले आहे.

तुझी लाडकी,
गेश

नीडर्फेल्ड, १७ मार्च

चि. सौ. गेशीस,
अनेक आशीर्वाद. काल पाद्रीबुवांचं नकाशांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलो. साहेब आले. पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरलं, उठलो नाही. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं, जरा सरकून घ्या म्हणाले, आणि माझ्याच बाकावर बसले.

पुढच्या वर्षी कोणतं वर्तमानपत्र घ्यायचं यावर मतदान होतं. साहेबांना कोलोनचं हवं होतं, मला हॅम्बुर्गचं. एकेकाने मूठ झाकून पेटीत वाटाणा टाकला, हॅम्बुर्गला हिरवा, कोलोनला पिवळा. सात हिरवे निघाले, सहा पिवळे. साहेबांचा वाटाणा कुठला नि माझा कुठला, पेटी उपडी केल्यावर कुणालाच सांगता येईना. साहेबांनी निकालाखाली सही केली. त्यांच्या वरची सही माझी आहे, वाकडी, पण माझी.

बाजारात सांगितलंस का, लोक काय म्हणाले, लगेच कळव. मी टपालवाल्याच्या वाटेवर बसलो आहे.

तुझा दादा,
टोनिएस