हलणं थांबलं तेव्हा

सर, उद्या सकाळी माझं पित्ताशय काढणार आहेत, आणि ज्या मशीनवर मला भूल देणार ते मीच त्या हॉस्पिटलला विकलेलं आहे. तुमच्या प्रयोगशाळेत मांजरांचे पिंजरे धुणारा माणूस आज ग्वाल्हेरात भुलीची यंत्रं विकतो, हे ऐकून तुम्ही हसला असता. भूल देणारी डॉक्टर दर्पण कॉलनीतली, आपल्यातलीच मुलगी. तिला म्हटलं, मशीन बिघडलं तर तक्रार माझ्याकडेच कर. ती म्हणाली, "काका, टेन्शन नका घेऊ, आराम से झोपाल. स्नायू ढिले करायचं औषध देऊ ना, तुम्ही हलणारसुद्धा नाही." तेव्हापासून ती करडी मांजर डोक्यातून जात नाही.

असंच औषध होतं ते, तेव्हा अगदी नवं; त्यानं हलणं थांबतं, झोप लागत नाही. मांजरीला भूल द्यायची, तिचा श्वास पंपावर घ्यायचा, मग पायाच्या नसेला विजेचे बारीक झटके. स्नायू किती उडतो ते फिरत्या कागदावर उमटायचं, आणि औषध दिलं की उडणं कमी होत होत रेघ सपाट. त्या दिवशी ती करडी मधेच पंजा ओढायला लागली, रेघ बिघडायला लागली. भूल वाढवायची सोडून तुम्ही घाईत नवं औषधच दिलंत. पंजा थांबला, आणि खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, झोपली. ठोके ऐकायला तुम्ही मलाच बसवायचात, कान तिखट म्हणून. मी ऐकतो आहे: झटके सुरू झाले की ठोके धावतात, थांबले की हळू होतात. पुन्हा झटके, पुन्हा धावतात. मी म्हणालो, "सर, ही जागी आहे." कागदावरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, "औषधानं ठोके वाढतात. तू फक्त मोज."

संध्याकाळी ते कागद पोचवायला माधवगंजला तुमच्या घरी आलो. काकूंनी स्वयंपाकघरातच पाट दिला, पोहे दिले. शेजारची मांजर खिडकीत येऊन बसली आणि तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात. काकूंनी विचारलं, यांना झालंय काय? मी म्हटलं, थकलेत. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांना बजावलंत की यापुढे जनावर हललं तर आधी भूल, मगच औषध. बोलताना माझ्याकडे बघितलं नाहीत. पुढे तुम्ही जाईपर्यंत त्या दिवसाचा विषय आपण काढला नाही.

मी कानांवरच कमावलं, सर. मशीन कुठून गळतंय ते आवाजावरून सांगतो, गिऱ्हाईक घेणार की नुसतं बोलतंय तेही. त्या दिवशी मीच बरोबर ऐकलं याची मनात थोडी मिजास होती, तुम्ही गेल्यावरही. डॉक्टर मुलीला विचारणार होतो, मी जागा असलो आणि हलता आलं नाही तर तुला कळेल कसं? जिभेवर आलं होतं, पण तिच्यासमोर विनोदच केला. बायको आत बॅग भरते आहे, तिलाही बोललो नाही. हे पाठवायला तुमचा पत्ता नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. आज पहिल्यांदा मनापासून वाटतंय की तुमचंच खरं असावं, ते ठोके औषधाचे असावेत, आणि माझे कान चुकले असावेत.