कंबर माझी गेलेली नाही

निमगाव सावा,
गुरुवार, दुपार

व्याहीबुवा चांगदेवराव यांना रखमाजीचा हात जोडून रामराम. इकडे सगळे खुशाल आहेत असं सुरुवातीला लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खुशालीचं म्हणाल तर बायको, मंगल, तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही, सूनबाई फक्त जेवायला हाक मारते आणि मी माझ्याच ओसरीवर पावण्यासारखा बसून आहे. विहीणबाई चिमाबाईंचा गुडघा कसा आहे ते कळवावं. आपली प्रकृती उत्तम असणार, कारण सोमवारी आळेफाट्यावर आपण जो आवाज लावला तो आजारी माणसाला लागत नाही. आपण फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. (मी तेवीस वर्षं ग्रामसेवक होतो. लेखी म्हणणं मांडायची मला सवय आहे, आणि लेखी म्हणणं अर्ध्यात कापून फोन ठेवता येत नाही.)

विषय आहे पिकअपच्या किल्लीचा. सदर किल्ली सोमवारपासून आपली कन्या साधना हिच्या ताब्यात आहे. येत्या रविवारी आणे गावच्या यात्रेला आमच्या आळीच्या भाकरी माझ्या गाडीतून जायच्यात, हे बैठकीत सगळ्यांसमोर ठरलेलं आहे. तिकडे आमटीच्या कढया उकळत असणार, माणसं पंगतीला बसायच्या तयारीत असणार आणि भाकरीची गाडी येणार. ती येताना स्टिअरिंगवर मीच दिसलो पाहिजे. सून गाडी हाकतेय आणि सासरा शेजारी काच खाली करून बसलाय असं दिसलं, तर गाव मला वर्षभर सोडणार नाही. साधना आपल्याला, म्हणजे बापाला, दादा म्हणते; तिचं म्हणणं एकच आहे: "आबा, खरं काय झालं ते माझ्या दादांना लिहून कळवा, मंग किल्ली." म्हणून खरं काय ते लिहितो. वाचून दोष कुणाचा ते आपणच ठरवा, आणि ठरवलंत की लेकीला फोन करून किल्ली द्यायला सांगा.

आपल्या जावयानं, आमच्या ऋषीनं, ही गाडी घेऊन दिली तेव्हा शेतकऱ्याला एवढी दांडगी पिकअप कशाला, असं आपणच म्हणाला होतात. (मी विसरलेलो नाही.) चारी चाकांना ताकद, पुढं-मागं सिटा, त्यामागं हौदा, आणि इंजिन असं की पाय नुसता टेकवला तरी नारायणगाव येतं. मी तिला दोन इंच उंच करून घेतली आणि रुंद टायर टाकले. साधना रोज पहाटे तिच्यातून टोमॅटोचे क्रेट मार्केटला नेते. आता एवढी गाडी, एवढे टायर, आणि पंधरवड्यात पुढचा डावा टायर आतल्या कडेनं गुळगुळीत. बाहेरून बघावं तर नक्षी शाबूत, आणि वाकून आत हात घातला तर बोटाला तार लागते. तोंडावर गोड आणि आतून पोखरलेला, असा टायर मी नोकरीतल्या माणसांत पाहिला होता, गाडीला पहिल्यांदा पाहिला. वर स्टिअरिंग जरा सैल सोडलं की गाडी डावीकडं निघाली.

आता जुवाला जुंपलेला बैल बाहेर ओढायला लागला तर आपण काय करतो? बाजू बदलतो. डावा उजवीकडं, उजवा डावीकडं, दोन दिवसांत जोडी सरळ चालते. आपल्या वडलांनी हेच केलं, माझ्या वडलांनी हेच केलं. मी पण तेच केलं. डावा टायर उजवीकडं घातला आणि उजवा डावीकडं, आणि मंगलला सांगितलं की झालं काम. पंधरा दिवसांत डावीकडं घातलेला चांगला टायरही आतून टकला झाला. म्हणजे एक बैल ओढत होता, तर मी दुसऱ्याला पण ती खोड लावून दिली. ह्यात माझी चूक कुठं आहे ते मला कुणी समजावून सांगावं. टायर बनवणाऱ्यांनी त्यावर एक ओळ लिहायला नको का, की बाबांनो, हा बैल नव्हे?

मग सोमवारी मी गाडी आळेफाट्याला चाकं सरळ करायच्या दुकानात नेली. घरी नुसतं "जरा दाखवून येतो" म्हणालो, कारण टायरचं घरात कळू द्यायचं नव्हतं. तिथं समृद्धी नावाची बाई आहे, तिशीची असेल, आयटीआय केलेली, आणि बोलायला एकदम फटकळ. तिनं गाडी रॅम्पवर चढवली, चारी चाकांना आरशासारखं काहीतरी अडकवलं आणि कॉम्प्युटरकडं बघत म्हणाली, "काका, कॅम्बर गेलाय. टो पण आऊट हाये." मला ऐकू आलं की कंबर गेलीय आणि तो पण आऊट आहे. आता 'तो' कोण म्हणून मी मागं वळून पाहिलं, तर मागं चहावाला होता. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. (कॅम्बर म्हणजे चाकाचा कल आणि टो म्हणजे चाकाच्या तोंडाची दिशा, हे मला नंतर कळलं.) कंबरेचं मात्र मला एकदम पटलं. पुढनं गाडी कलल्यासारखी दिसतच होती, आणि कलतं माणूस कंबरेतच. पुढं ती म्हणाली, गाडी कशावर तरी जोरात आदळलीय, चाकाचा आर्म वाकलाय. मी म्हणालो, कशावरही आदळलेली नाही. ती म्हणाली, "कॉम्प्युटरला इचारा." मी म्हणालो, कॉम्प्युटर निमगावात राहत नाही, मी राहतो. मग रस्त्यांवर तिला चांगलं ऐकवलं, गतिरोधकांवर ऐकवलं, आणि बोलता बोलता रोज पहाटे गाडी सून चालवते हे पण सांगितलं. (हे साधनाला नंतर कुणी सांगितलं माहीत नाही. मला चहावाल्याचा संशय आहे.)

इतक्यात मंगलचा फोन आला, कुठं आहात म्हणून. मशीनची घरघर चालू होती, तेव्हा मी मोठ्यानं आणि थोडक्यात सांगितलं: "आळेफाट्याला आहे. कंबर गेलीय. वर चढवलंय. वाकलेलं सरळ करतायत, सरळ नाही झालं तर काढून नवीन टाकतील. दोन तास लागतील." ह्यात एक तरी शब्द खोटा आहे का? 'गाडीची' हा एक शब्द राहिला, तो राहिला. पन्नास वर्षांच्या संसारात बाईला एवढं कळू नये? आणि बरं, माझी कंबर काढून नवीन कुठली टाकतील, हा साधा विचार तिला सुचला नाही. ती रडत सुटली आणि तिनं पहिला फोन आपल्याला केला.

पुढचं आपण पाहिलंतच, पण माझ्या बाजूनं कसं दिसलं ते लिहितो. मी दुकानाबाहेर खुर्चीवर बसून मिसळ खात होतो. समोर टेंपो थांबला. त्यात गादी, दोन उशा आणि पदर डोळ्याला लावलेली मंगल. शेजारी साधना. मागून मोटारसायकलवर आपण, पार घोडेगावाकडून, एका हातात तेलाची बाटली आणि हँडलला मोसंब्यांची पिशवी. मला आनंद झाला, मी म्हणालो, "या व्याही, मिसळ सांगू का?" त्यावर आपण सगळ्या दुकानासमोर म्हणालात, "कंबर शाबूत हाय की, अक्कल गेलीय." एवढं बोललात आणि मोसंबी परत घेऊन गेलात. चांगदेवराव, आजाऱ्यासाठी आणलेलं फळ तो आजारी नाही म्हणून परत नेतात, हे मी उभ्या जुन्नर-आंबेगावात पाहिलं नाही. तेलाची बाटली तरी ठेवायची होती, गादी उतरवताना मंगलची खरंच कंबर धरली.

आणि तेव्हाच साधनानं समृद्धीच्या हातातला कॉम्प्युटरचा कागद वाचला. एकदा कागदाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग काउंटरवरची किल्ली उचलली आणि पर्समध्ये टाकली. ही वागणूक आपल्या घरचं वळण आहे की नारायणगाव मार्केटचं, हे मला समजत नाही. घरातला थोरला माणूस आहे मी, माझ्या हातातली किल्ली अशी कुणी काढून घेतली की मला आत कुठंतरी लागतं. ते तिला समजत नसेल तर बापानं समजावावं. माझं म्हणणं एवढंच आहे.

आपला,
रखमाजी

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी साधनाला वाचायला दिलं होतं. तिनं उभ्यानंच वाचलं आणि परत दिलं. म्हणाली, "आबा, ह्याच्यात समदं हाय, फकस्त झालं ते न्हाई." तेव्हा आता ते लिहितो. मागच्या महिन्यात मी आणि साधना आपल्याकडं आलो होतो. निघताना आपण आत पान आणायला गेलात, आणि मी गोठ्यापाशी गाडी वळवली. मोठ्या गाडीची ऐट, पाय जरा जास्त टेकला. पुढचं डावं चाक गुरांच्या पाण्याच्या आपल्या नव्या हौदाच्या कोपऱ्यावर चढून खाली आलं. कोपरा तुटला. साधना डाव्या बाजूलाच बसली होती. ती म्हणाली, "आबा, काहीतरी लागलं." मी म्हणालो, खडा असेल. दुसऱ्या दिवशी आपला फोन आला की हौद शेजारच्या बाळासाहेबांच्या ट्रॅक्टरनं फोडला, आणि मी फोनवर म्हणालो, त्या माणसाचा भरवसाच नाही. तेव्हापासून आपण त्यांच्या वाटेवर काट्या टाकल्यात आणि दोन घरं बोलत नाहीत. पोरीनं महिनाभर स्वतःच्या बापाला कळू दिलं नाही, माझी लाज राखली. आणि मी तिच्या चालवण्यावर ढकलून आलो. हे लिहिताना मला लई वाईट वाटतंय. बाळासाहेबांना आपण काही सांगू नका, मी स्वतः येऊन त्यांचे पाय धरतो.

आणखी ता. क. किल्ली मिळाली. साधनानं स्वतः हातात दिली आणि चहा पण आणला. नवा आर्म बसवला, पुढचे दोन्ही टायर नवे टाकले, गाडी आता सुतासारखी सरळ जाते. उद्या सकाळी दहापर्यंत आम्ही आपल्याकडून बाळासाहेबांकडं जाऊ. पत्र आजच माणसाहाती पाठवतोय, तरी ते मिळताच एवढं करावं, की त्यांच्या वाटेवरच्या काट्या आजच्या आज काढून घ्याव्यात. त्या बाभळीच्या आहेत, आणि टायर अगदी कोरे आहेत.